बंदरावरील विलंब आणि उत्पादकाचा पैसा



परदेशांशी चालणाऱ्या व्यापाराचा विचार करताना सर्वसाधारणपणे दोन गोष्टींची चर्चा होते. एक म्हणजे मालाचा भाव आणि दुसरी म्हणजे त्यावरील जकात. या दोहोंइतकीच महत्त्वाची असलेली तिसरी गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत वेगळ्या रकान्यात मांडली जात नाही. ती गोष्ट म्हणजे वेळ. कारखान्यातून किंवा शेतातून निघालेला माल परदेशातील ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत जितके दिवस अधिक जातात, तितका त्यावरील खर्च वाढत असतो. भांडवल अडकून पडते, व्याज चढते, गोदीतील जागेचे भाडे भरावे लागते, कंटेनर मुदतीत परत न केल्यास जहाज कंपनी दंड आकारते आणि माल नाशवंत असेल तर त्याचा कसही उतरतो. डेव्हिड हमल्स आणि गेऑर्ग शॉर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, वाहतुकीतील प्रत्येक जादा दिवस हा मालाच्या किमतीवर ०.६ ते २.१ टक्के जकात बसण्यासारखाच असतो.

ही जकात कोणत्याही सरकारच्या तिजोरीत जमा होत नाही. तिच्यातून रस्ता होत नाही की शाळा उभी राहत नाही. ती केवळ वाया जाते. आणि ती भरतो कोण? परदेशातील मोठा खरेदीदार आपला भाव ठरवूनच सौदा करतो. जहाज कंपनीचे दर ठरलेले असतात. मधला निर्यातदार आपली जोखीम धरूनच बोली लावतो. अखेर ज्याला आपला भाव ठरवून मागता येत नाही, त्या उत्पादकाच्या वाट्याला ही तूट येते. म्हणूनच बंदरावरील विलंब हा केवळ व्यापाऱ्यांचा किंवा सीमाशुल्क खात्याचा प्रश्न नाही. तो शेतकऱ्याचा आणि छोट्या कारखानदाराचाही प्रश्न आहे.

द्राक्षाच्या पेटीचा प्रवास

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील द्राक्षांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांतून आणि सांगलीच्या तासगाव भागातून युरोपातील बाजारपेठेत द्राक्षे जातात. दक्षिण गोलार्धातील देशांचा हंगाम ओसरू लागतो आणि इजिप्तची द्राक्षे अजून यावयाची असतात, अशा मधल्या काळात, म्हणजे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, या मालाला युरोपात चांगली मागणी असते. ही खिडकी अरुंद आहे. ती चुकली की तोच माल पडत्या भावाने विकावा लागतो.

द्राक्षाचा घड वेलीवरून तोडला की घड्याळ सुरू होते. काही तासांतच तो पॅकहाउसमध्ये नेऊन थंड करावा लागतो. प्रतवारी करून, पेटीत गंधकाचा कागद घालून, शून्य अंशाच्या आसपासच्या तापमानात तो शीतकंटेनरमध्ये भरला जातो. तेथून कसाऱ्याचा घाट उतरून सुमारे दोनशे किलोमीटरवरील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर गाठावयाचे आणि पुढे समुद्रमार्गे युरोप. शीतकंटेनरला वाटेत व बंदरात अखंड वीज मिळाली पाहिजे. ती खंडित झाली किंवा कंटेनर दोन दिवस अधिक तिष्ठत राहिला, तर त्याची शिक्षा रॉटरडॅमच्या बाजारात मिळते. देठ सुकलेला किंवा मणी मऊ पडलेला घड तेथील खरेदीदार पहिल्या प्रतीचा म्हणून स्वीकारत नाही.

या प्रवासाबरोबर कागदांचाही एक प्रवास चालू असतो. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी, कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांची प्रयोगशाळेतील तपासणी, प्रतीचे ॲगमार्क प्रमाणपत्र, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमाशुल्क खात्यासाठी शिपिंग बिल अशी ही मालिका आहे. यातील एक कडी निसटली की भरलेला कंटेनर जागच्या जागी थांबतो. ही अडचण ओळखून 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने २००६ साली 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. बागेपासून प्रयोगशाळेपर्यंत आणि पॅकहाउसपासून प्रमाणपत्रापर्यंतची माहिती तीमुळे एका सूत्रात आली. युरोपातील दुकानात ठेवलेली पेटी कोणत्या बागेतून आली, याचा माग काढणे शक्य झाले. कागद मालाच्या मागून धावण्याऐवजी मालाच्या पुढे चालू लागले. विलंब कमी करण्याच्या साऱ्या प्रयत्नांचे मर्म याच एका गोष्टीत आहे.

विलंब नेमका कोठे होतो?

बंदरात माल अडकला की दोष सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या टेबलाला दिला जातो. पूर्वीच्या काळी त्यात तथ्यही होते. प्रत्येक मालाची कागदपत्रे हाताने तपासली जात, एकेका शिक्क्यासाठी दलालांना खिडक्यांमागून खिडक्या फिरावे लागे आणि तपासणीसाठी कंटेनर उघडून सर्व माल बाहेर काढला जाई. तथापि आजची स्थिती वेगळी आहे. भारतीय सीमाशुल्क खात्याने केलेल्या कालमापनाच्या अभ्यासांत असे आढळून आले आहे की, निर्यातीच्या मालाला खात्याची परवानगी मिळण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा ती मिळाल्यानंतर जहाजावर चढेपर्यंतचा काळ कितीतरी मोठा असतो. आयातीच्या बाबतीतही शुल्क वेळेवर न भरणे, कागदपत्रे उशिरा सादर करणे, दुसऱ्या एखाद्या खात्याच्या ना-हरकत दाखल्याची वाट पाहणे आणि परवानगी मिळूनही माल उचलण्यासाठी वाहन न पाठविणे, ही विलंबाची प्रमुख कारणे दिसून येतात.

याचा अर्थ असा की, विलंब बहुधा एका टेबलावर होत नाही. तो दोन टेबलांच्या मधल्या जागेत होतो. एका हातातून दुसऱ्या हातात माल आणि कागद जाताना जी फट राहते, तीत दिवस गळतात. बंदर, जहाज कंपनी, मालवाहतूकदार, सीमाशुल्क दलाल, बँक, प्रयोगशाळा आणि निरनिराळी सरकारी खाती यांपैकी प्रत्येकजण आपापले काम चोख करीत असूनही एकूण काम रेंगाळू शकते. कारण साऱ्या साखळीची जबाबदारी कोणा एकाची नसते.

१९८९ चे दोन आरंभ

कंटेनरची पेटी आणि कागदाची फाईल यांच्या गतीतील तफावत इतिहासातही दिसते. अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाने १९५६ साली 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविले, तेव्हापासून जहाजावर माल चढविण्याचा खर्च विलक्षण वेगाने खाली आला. एकेक पोते पाठीवरून वाहण्याचे काम यंत्राने उचललेल्या एका पेटीवर आले. पेटी मात्र जलद झाली तरी कागद जुन्याच चालीने चालत राहिले.

मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात उभारलेले न्हावा शेवा येथील बंदर मे १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच वर्षाच्या प्रारंभी सिंगापूरने 'ट्रेडनेट' ही व्यवस्था सुरू केली. व्यापाऱ्याने एकच अर्ज संगणकाद्वारे भरावयाचा आणि तो संबंधित सर्व खात्यांकडे आपोआप जावयाचा, अशी ती योजना. पूर्वी ज्या परवान्याला कित्येक दिवस लागत, तो काही मिनिटांत मिळू लागला. एकाच वर्षी एकीकडे मालासाठी नवा धक्का बांधला गेला आणि दुसरीकडे कागदासाठी. या दोन्ही धक्क्यांची गरज सारखीच असते, हा धडा जगातील बहुतेक देशांनी पुढील पाव शतकात गिरविला.

भारतातही त्या दिशेने पावले पडली. २००५ च्या अखेरीपासून जोखमीवर आधारित तपासणीची पद्धत आली आणि सरसकट सर्व माल अडविण्याऐवजी संशयास्पद मालावर लक्ष केंद्रित होऊ लागले. २०११ साली आयातदाराने स्वतःच शुल्काची आकारणी करण्याची तरतूद कायद्यात झाली. २०१५ साली निर्यात व आयात यांसाठीच्या अनिवार्य कागदपत्रांची संख्या प्रत्येकी तीनवर आणण्यात आली. १ एप्रिल २०१६ पासून एक खिडकी योजना अमलात आली आणि वनस्पती संगरोध, अन्न सुरक्षा, औषध नियंत्रण यांसारख्या खात्यांचे दाखले त्याच संगणकीय मार्गाने मागविण्याची सोय झाली. २०२० साली आकारणी करणारा अधिकारी आणि आयातदार यांची समोरासमोर गाठ न पडता देशातील दुसऱ्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने कागद तपासण्याची पद्धत देशभर लागू झाली. आणि २०२१ मधील दुरुस्तीने आयातीचे बिल ऑफ एन्ट्री सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करणे बंधनकारक झाले.

या सर्व सुधारणांना आंतरराष्ट्रीय कराराचीही बैठक आहे. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी व्यापार सुलभीकरणाचा करार मान्य केला. भारताने एप्रिल २०१६ मध्ये त्याला अनुमोदन दिले आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो अमलात आला. नियम आगाऊ प्रसिद्ध करणे, माल पोहोचण्यापूर्वीच कागदपत्रे स्वीकारणे, नाशवंत मालाला प्राधान्य देणे आणि सीमेवरील खात्यांनी परस्परांशी सहकार्य करणे, ही त्यातील महत्त्वाची कलमे. कराराची पूर्ण अंमलबजावणी झाल्यास सदस्य देशांचा व्यापारखर्च सरासरी १४.३ टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज जागतिक व्यापार संघटनेने २०१५ साली वर्तविला होता.

न्हावा शेवा येथील अनुभव

२०२३-२४ या वर्षात जवाहरलाल नेहरू बंदराने वीस फुटी एककात मोजले असता सुमारे ६४ लाख कंटेनर हाताळले. अशा बंदरात प्रत्येक कंटेनरचा एक तास वाचला, तरी त्याची बेरीज किती मोठी होते हे वेगळे सांगावयास नको.

या बंदरात आयात झालेला कंटेनर पूर्वी बहुधा थेट कारखान्यात जात नसे. तो आधी बंदराबाहेरील कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये नेला जाई, तेथे उतरविला जाई, तेथे त्याची कागदपत्रे पूर्ण होत आणि मग पुन्हा वाहनावर चढवून तो मालकाकडे रवाना होई. म्हणजे एकाच पेटीची दुहेरी उचल, दुहेरी वाहतूक आणि जागेचे भाडे. २०१६ पासून थेट बंदरातूनच माल देण्याच्या योजनेचा विस्तार करण्यात आला. विश्वासार्ह आयातदाराने जहाज येण्यापूर्वी कागदपत्रे दाखल करावीत, शुल्क भरावे आणि माल उतरताच परस्पर घेऊन जावा, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे अनेक उद्योगांचे दिवस आणि पैसे दोन्ही वाचले.

निर्यातीसाठी २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक मोहोर आली. पूर्वी कारखान्यात किंवा पॅकहाउसमध्ये भरलेल्या कंटेनरला मोहोर लावण्यासाठी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागे. आता निर्यातदार स्वतः मोहोर लावतो आणि ती वाटेत तोडली गेली आहे की नाही, हे बंदरात तपासता येते. निफाडच्या द्राक्ष उत्पादकाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. थंड केलेला माल भरला की कंटेनर त्याच घटकेला मार्गस्थ होऊ शकतो. याच बंदरापासून जुलै २०१६ मध्ये कंटेनरचा माग ठेवणारी रेडिओ-चिपची व्यवस्थाही सुरू झाली. आपली पेटी कोठे आहे, हे मालकाला घरबसल्या कळू लागले.

परंतु बंदराच्या फाटकाबाहेरील चित्र अद्याप तितके समाधानकारक नाही. जहाज सुटण्याच्या वेळेनुसार ट्रेलर एकदमच येतात आणि रांगा लागतात. त्यात वाहनचालकाचे तास जातात, डिझेल जळते आणि ज्या उरण तालुक्यातील गावांच्या जमिनींवर हे बंदर उभे राहिले, तेथील रहिवाशांना रस्त्यावरील कोंडी सोसावी लागते. बंदराजवळील मध्यवर्ती वाहनतळ आणि तेथेच कागदपत्रे तपासण्याची सोय हा त्यावरील एक उपाय आहे. ट्रेलरला ठरावीक वेळ नेमून देणे आणि रेल्वेने जाणाऱ्या मालाचे प्रमाण वाढविणे, हे त्यापुढील उपाय होत.

वेग आणि दक्षता

जलद सुटका म्हणजे ढिलाई नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात टाल्क पावडरच्या नावाखाली आलेल्या कंटेनरांतून सुमारे ३,००० किलो हेरॉईन पकडले गेले. सीमेवरील पहारा सैल झाला तर समाजाला केवढी किंमत मोजावी लागेल, याची ती खूण होती. परंतु प्रत्येक कंटेनर उघडून असा माल सापडेल, ही समजूत चुकीची आहे. लाखो पेट्या सारख्याच नजरेने पाहणाऱ्या अधिकाऱ्याची नजर थकते. प्रामाणिक व्यापाऱ्याच्या पेट्या बाजूला काढल्या, तरच उरलेल्या पेट्यांकडे लक्षपूर्वक पाहण्यास वेळ मिळतो. क्ष-किरण यंत्रे, पूर्वमाहितीचे विश्लेषण आणि विश्वसनीय व्यापाऱ्यांची नोंदणी ही म्हणूनच वेगाची तसेच सुरक्षिततेचीही साधने आहेत.

द्राक्ष बागायतदारांनीही हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचा माल नाकारला गेला आणि निर्यातदार व शेतकरी दोघेही अडचणीत आले. येथून माल सुटण्यात उशीर झाला नव्हता. तपासणीच्या यादीत तो पदार्थच नव्हता. त्यानंतर यादी अधिक व्यापक झाली. येथे केलेली अचूक तपासणी ही परदेशातील बंदरावरचा विलंब टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

धोरणातील स्थैर्य हाही वेळेचाच एक भाग आहे. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी आली, तेव्हा मार्गस्थ असलेला कांदा बंदरांवर आणि सीमेवर अडकून पडला. पुढे सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात आधीच दिलेल्या मालाला सवलत मिळाली, परंतु तोवर मालाची हानी होऊन गेली होती. देशातील ग्राहकाचे हित पाहणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. तथापि निर्णय लागू करताना वाटेत असलेल्या मालाची तजवीज त्याच आदेशात असेल, तर ग्राहकाचे हितही साधते आणि शेतकऱ्याचे नुकसानही टळते.

मोजल्याशिवाय सुधारणा नाही

कोणताही विलंब कमी करावयाचा तर तो आधी मोजला पाहिजे. सीमाशुल्क खात्याच्या २०२३ च्या राष्ट्रीय कालमापन अभ्यासानुसार सागरी बंदरांवर आयातीचा माल सुटण्यास सरासरी ८५ तास ४२ मिनिटे लागत होती. २०२० ते २०२३ या काळासाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याने सागरी मालासाठी ४८ तासांचे उद्दिष्ट ठेवले होते. म्हणजे प्रगती झाली असली तरी त्या वेळी बरेच अंतर चालून जावयाचे होते. त्याच अभ्यासमालिकेतून एक गोष्ट सातत्याने पुढे आली. ज्यांनी कागदपत्रे आगाऊ दाखल केली, शुल्क वेळेवर भरले आणि ज्यांचा माल जोखमीच्या कसोटीत निर्धोक ठरला, त्यांचा माल इतरांहून पुष्कळ लवकर सुटला. उपाय हाताशी आहे. तो सर्वांपर्यंत पोहोचविणे एवढेच उरते.

मोजमापाचे महत्त्व आणखी एका उदाहरणाने पटते. भारतातील मालवाहतूक व साठवणुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात असे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाल्यानंतर या खर्चाचा पद्धतशीर अंदाज घेण्यात आला, तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे दिसून आले. आकडा चुकीचा असेल तर औषधही चुकते.

लहानांपर्यंत पोहोचण्याची गरज

या सुधारणांचा लाभ आजवर मोठ्या कंपन्यांना अधिक झाला, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याकडे स्वतंत्र कर्मचारीवर्ग असतो, भांडवल असते आणि विश्वसनीय व्यापारी म्हणून नोंदणी करणे त्यांना सोपे जाते. इचलकरंजीचा यंत्रमागधारक, रत्नागिरीचा आंबा बागायतदार किंवा वर्षाकाठी मोजके कंटेनर पाठविणारी शेतकऱ्यांची कंपनी यांना मात्र आजही बरेचसे दलालावर विसंबावे लागते. लघु व मध्यम उद्योगांसाठी नोंदणीच्या अटी २०२० च्या अखेरीस शिथिल करण्यात आल्या. त्यांची माहिती मराठीत, जिल्हा पातळीवर आणि हंगामापूर्वी पोहोचली, तरच त्या सवलतीला अर्थ येईल. सहकाराचा मार्गही येथे खुला आहे. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून १९९१ साली स्थापन झालेल्या 'महाग्रेप्स'ने, एकट्या शेतकऱ्याला जे जमत नाही ते संघटितपणे जमते, हे दाखवून दिले आहे.

समुद्रावरील संकटे कोणाच्याही हाती नसतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि द्राक्षांचा प्रवास कित्येक दिवसांनी लांबला. अशा वेळी किनाऱ्यावर वाचविलेला प्रत्येक दिवस दुप्पट मोलाचा ठरतो. समुद्र आपल्या हाती नाही, परंतु शेताच्या बांधापासून जहाजाच्या शिडीपर्यंतची वाट निश्चितच आपल्या हाती आहे. त्या वाटेवरील बागायतदार, वाहनचालक, दलाल, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि सरकारी अधिकारी यांनी आपल्या पुढच्या माणसाची वेळ हा त्याचा पैसा आहे असे मानून काम केले, तर वाचलेली रक्कम जेथे तिची सर्वाधिक गरज आहे, त्या उत्पादकाच्या घरापर्यंत खचित पोहोचेल.